थेंब थांबले तेव्हा

आमच्या घरात ‘बॉयलर’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. बाबा त्याला ‘खालचं मशीन’ म्हणायचे, माझा धाकटा भाऊ निनाद ‘द बिग ब्लू थिंग’ म्हणायचा आणि आई त्याला काहीच म्हणायची नाही. बोलायचीच वेळ आली तर ती हनुवटीनं जमिनीकडे खूण करायची. न्यू जर्सीतलं ते घर बघायला आम्ही गेलो, तेव्हा एजंटबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की घर जुनं असलं तरी हीटिंग फार छान आहे, बेसमेंटमध्ये बॉयलर आहे, भिंतीशेजारच्या लोखंडी रेडिएटरांतून गरम पाणी फिरतं आणि सगळं घर उबदार राहतं. आई तेव्हा निनादच्या जॅकेटची चेन लावत होती. तिचे हात मध्येच थांबले. बाबांनी ते पाहिलं आणि चटकन म्हणाले, “अगं, हा तसला नाही. हा पाणी तापवायचा बंब समज.” आईनं मान हलवली. पण त्या घरात आम्ही राहायला गेलो आणि पहिल्या दिवसापासून ती बेसमेंटच्या जिन्याची पहिली पायरीसुद्धा उतरली नाही. कपडे धुवायचं मशीन खाली होतं, म्हणून शनिवारी कपड्यांची टोपली घेऊन बाबा उतरायचे, नाहीतर मी.

त्याचं कारण आम्हा मुलांना माहीत होतं. आईचा मोठा भाऊ विलासमामा सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरची भट्टी सांभाळणारा फायरमन होता. ऐन गळीत हंगामात तो बॉयलर फुटला आणि मामा गेला. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती परसात भांडी घासत होती, उसाच्या फडांपलीकडून आवाज आला आणि पालथी घातलेली भांडी एकमेकांवर आपटून वाजली. एवढंच ती सांगायची. आणखी एक गोष्ट तिनं एकदाच सांगितली होती. तेराव्यापर्यंत घरी येणारी कारखान्यातली माणसं ओसरीवर बसून एकच वाक्य बोलायची, “सेफ्टी जाम झाली होती.” सेफ्टी म्हणजे काय, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही आणि पुढे कुणी तिला समजावून सांगितलंही नाही.

बाबांना मात्र त्या घराचं भारी वेड होतं. ते मुळातले मेकॅनिकल इंजिनिअर, पण मिरजेत असतानाच कॉम्प्युटरकडे वळलेले. हातात पान्हा धरायला त्यांना अमेरिकेतच पहिल्यांदा मिळाला, असं ते हसून सांगायचे. “इथे माणसं आपलं घर आपण दुरुस्त करतात,” हे त्यांचं आवडतं वाक्य. शनिवारी सकाळी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जाऊन भाजी, कढीपत्ता, निनादसाठी खारी घ्यायची आणि परत येताना हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात शिरायचं, हा त्यांचा नेम. आई गाडीतच बसून राहायची. आम्ही दोघं मुलं त्यांच्यामागून नळाच्या तोट्या, वॉशर आणि तांब्याच्या पाइपांच्या रांगांतून हिंडायचो. पहिल्या हिवाळ्यात त्या मशीनच्या पंपाजवळचा एक सांधा गळायला लागला, तेव्हा त्यांनी लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं, दोन संध्याकाळी वाचलं आणि पाणी उतरवून, पॅकिंग बदलून तो सांधा कोरडा केला. वर आले तेव्हा शर्टावर गंजाचे डाग आणि चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद. त्यांनी मला खाली नेऊन घड्याळासारखी एक तबकडी दाखवली. “हा काटा या निळ्या खुणेच्या आसपास राहिला पाहिजे. उजवीकडे फार गेला तर समजायचं, आत पाण्याचा दाब वाढलाय. आणि हे लाल पट्टीचं बटण दाबलं की सगळं बंद.” ते बटण बॉयलरशेजारच्या लाकडी खांबावर होतं. मी मान डोलावली. मला खरं तर तिथून लवकर वर यायचं होतं. आईची भीती न बोलता आमच्यातही उतरली होती.

त्या घराला आवाज फार होते. सकाळी थर्मोस्टॅट वर केला की खालून ‘फप्’ असा जाळ पेटल्याचा आवाज यायचा, मग पंप गुणगुणायला लागायचा आणि थोड्या वेळानं डायनिंग टेबलामागचा रेडिएटर टक्-टक् करत तापायचा. आई त्या रेडिएटरवर निनादचे मोजे वाळत घालायची, दह्याचं विरजण त्याच्याजवळ ठेवायची, इडलीचं वाटलेलं पीठ त्याच्या उबेला झाकून ठेवायची. म्हणजे त्याची ऊब तिला चालायची, फक्त ती कुठून येते ते बघायचं नसायचं. आता मी तेव्हाच्या आईच्या वयाची आहे. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसमध्ये गरम हवा छतातल्या जाळीतून येते, आवाज न करता. माझ्या मुलीला घर कशानं गरम होतं हे ठाऊकही नाही. मी मात्र अजून कुठल्याही नव्या घरात गेले की पहिल्यांदा कान देऊन ऐकते.

दुसऱ्या हिवाळ्यात बाबांच्या कंपनीनं इथलं काम गुंडाळलं. त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या किती घरांनी सामान बांधून भारत गाठला होता. दर महिन्याला कुणाकडे तरी निरोपाचं जेवण असायचं. बाबांना व्हर्जिनियात हर्नडनला काम मिळालं. सोमवारी पहाटे गाडी घेऊन जायचं, आठवडाभर तिथे दोघा-तिघांत घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये राहायचं आणि शुक्रवारी रात्री परत यायचं. “थोडे दिवस,” ते म्हणाले. आईनं प्रवासासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ती खिडकीशीच उभी होती. घरात आता आम्ही तिघं आणि खाली ते.

मग थेंब सुरू झाले. बॉयलरच्या अंगाला एक तांब्याचा पाइप होता, कडेनं जमिनीकडे वाकलेला, ज्याचं तोंड नुसतं उघडंच होतं. त्या तोंडातून पाणी ठिबकायला लागलं. बाबांनी त्याखाली बादली ठेवली. बादली प्लॅस्टिकची, बेसमेंट रिकामं, आणि बेसमेंटवर नेमकं आमचं स्वयंपाकघर. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग टप्प, टप्प. आई पोळ्या लाटताना लाटणं धरून थांबायची. मला म्हणायची, “ऐकलंस?” मी म्हणायचे, “थेंब आहे गं.” ती म्हणायची, “मघापेक्षा जोरात आहे.” खरोखरच कधी कधी जोरात असायचं. थर्मोस्टॅट वर केला, की थोड्या वेळानं त्या पाइपातून थेंबांच्या जागी धार लागायची. ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं थर्मोस्टॅट अगदी खाली ठेवायला सुरुवात केली. आम्ही घरात स्वेटर, कानटोपी घालून वावरायचो. निनाद शाळेत बाईंना म्हणाला, “माय मॉम थिंक्स द हाउस विल ब्लो अप.” बाईंनी फोन केला. तो फोन मी घेतला आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आईचं जेवणही कमी झालं होतं. आम्हाला वाढून ती ओट्याला टेकून उभ्यानंच दोन घास खायची. तिला खुर्चीत बसवत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो.

शुक्रवारी बाबा आले की ती काही तक्रार करायची नाही. पण एका रविवारी तिच्या हातून आमटीचं पातेलं निसटलं आणि ती त्या सांडलेल्या आमटीकडे बघत रडायला लागली. “तो आवाज बंद करा हो,” ती म्हणाली. “काहीही करा, पण तो आवाज बंद करा. मला दिवसभर तेच ऐकू येतं. तुम्ही तिकडे असता.” बाबा तिच्या शेजारी फरशीवर बसले. मी कोपऱ्यात फडकं घेऊन उभी. बाबांचा चेहरा मला आजही दिसतो. ते चिडले नव्हते. आपलं माणूस इतकं घाबरलंय आणि आपण दर सोमवारी त्याला टाकून जातो, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. ते उठले, कोट चढवला, हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि तासाभरानं खाली उतरले. पान्ह्याचे दोन-तीन आवाज आले. मग वर येऊन त्यांनी आईला हाताला धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं. “आता ऐक,” ते म्हणाले.

काहीच ऐकू येत नव्हतं.

तो आठवडा आमच्या घरी सण असल्यासारखा गेला. थंडी जरा ओसरली होती, अंगणातला बर्फ वितळून ओली माती दिसत होती. आई चक्क खुर्चीत बसून जेवली. तिनं गुळाची पोळी केली, डबा भरून शेजारच्या हेलनकडे पाठवली. हेलन म्हणजे एकटी राहणारी म्हातारी अमेरिकन बाई. आमच्या दोन घरांमध्ये एक गाडी जाईल एवढीच जागा होती. तिला ती पोळी इतकी आवडली की तिनं रिकामा डबा परत करताना त्यात कुकीज भरून दिल्या. आई भांडी घासताना गुणगुणायला लागली होती. आम्ही त्या आवाजाला किती मुकलो होतो, हे तो परत आल्यावर कळलं.

पुढच्या सोमवारी बाबा गेले, आणि बुधवारी सकाळी बर्फाचं वादळ आलं. टीव्हीवर खालच्या पट्टीत बंद असलेल्या शाळांची नावं सरकत होती. आमच्या शाळेचं नाव आलं तसा निनाद सोफ्यावर उड्या मारायला लागला. बाहेर समोरचं झाडही दिसत नव्हतं, एवढा बर्फ पडत होता. आई शालीतून हात बाहेर काढून म्हणाली, “आज सगळे घरातच आहोत, जरा छान ऊब करू या,” आणि तिनं थर्मोस्टॅट वर केला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच. मला आठवतं, तिनं बटण फिरवलं आणि माझ्याकडे बघून हसली. खालून ‘फप्’ आवाज आला. पंप गुणगुणू लागला. तिनं साबुदाण्याची खिचडी टाकली. घर भराभर तापायला लागलं, निनादनं स्वेटर काढून फेकला, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली.

पहिल्यांदा डायनिंग टेबलामागचा रेडिएटर बोलला. टक्-टक् हा त्याचा नेहमीचा आवाज नव्हता. त्याच्या टोकाला हवा सोडायची एक बारीक पितळी कळ होती, तिच्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि पाण्याचा एक केसाएवढा फवारा समोरच्या भिंतीवर उडायला लागला. निनाद म्हणाला, “कूल! लुक, इट्स स्पिटिंग!” मी त्याला मागे ओढलं. तेवढ्यात वरच्या बेडरूममधूनही तसाच सूंऽऽ आवाज यायला लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात कालथा. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मी म्हणाले, “आई, मी बघून येते,” आणि ती नाही म्हणायच्या आत बेसमेंटचं दार उघडून उतरले. बाबा नव्हते आणि काट्याची ती तबकडी फक्त मला ओळखता येत होती. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

खाली नेहमीपेक्षा खूप गरम होतं. जमीन ओली होती. बाबांनी मागच्या वर्षी पॅकिंग बदललेल्या त्या सांध्यातून पाणी पंख्यासारखं पसरून उडत होतं आणि निळ्या पत्र्यावर पडून चर्रर वाफ होत होती. बॉयलरच्या आतून एक आवाज येत होता, मोठ्या पातेल्यात चणे रटरटावेत तसा, पण त्या प्रत्येक रटरटीबरोबर पाइप हादरत होता. मी तबकडीकडे पाहिलं. काटा निळी खूण सोडून, आकड्यांच्याही पलीकडे, उजव्या कडेला टेकला होता. तो थरथरतही नव्हता. चिकटवल्यासारखा तिथे बसला होता. मला माहीत होतं की लाल बटण दाबायचं. ते माझ्यापासून तीन-चार हातांवर होतं, पण त्याच्यापर्यंत जायचं म्हणजे त्या फवाऱ्याच्या जवळून, त्या मशीनला वळसा घालून जायचं. माझे पाय हललेच नाहीत. वरून आई हाका मारत होती, “अनघा! अनघा, वर ये!” मला ऐकू येत होतं आणि ओ देता येत नव्हती.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. आई खाली आली. ज्या जिन्याची पहिली पायरी ती कधी उतरली नव्हती, तो जिना ती अनवाणी, गाऊनवर शाल गुंडाळलेली, एका हातानं भिंतीला धरत उतरली. आजही वाटतं, तिनं तेव्हा बॉयलरकडे पाहिलंच नसावं. ती माझ्याकडे बघत आली. तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नंतर दोन दिवस निळं होतं. आणि मला ओढून वळणार, तेवढ्यात तिची नजर त्या वाकलेल्या तांब्याच्या पाइपाकडे गेली. त्याच्या तोंडाला पितळेचं नवं कोरं, चकचकीत बूच घट्ट बसवलेलं होतं. खालची बादली कोरडी होती.

आई त्या बुचाकडे बघतच राहिली. तिचे ओठ हलले. “हीच,” ती म्हणाली. “हीच ती सेफ्टी.” मला काही कळलं नाही. पुढच्या क्षणी तिनं मला हलवून विचारलं, “बंद कुठून होतं हे? लवकर सांग. बंद कुठून होतं?” मी बोट दाखवलं. तिनं मला जिन्याकडे ढकललं, शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि फवाऱ्याच्या कडेनं, भिंतीला पाठ घासत, एक एक पाऊल सरकत गेली. तिच्या तोंडून काहीतरी पुटपुटणं चालू होतं. मला वाटलं रामरक्षा असेल. नंतर तिनं सांगितलं की ती फक्त “दादा, दादा” म्हणत होती. तिनं हात लांबवून ते लाल पट्टीचं बटण खाली पाडलं. आतला जाळ विझला. पंपाचं गुणगुणणं थांबलं. पण आतली रटरट लगेच थांबली नाही, आणि ते सर्वांत भयंकर होतं. बंद केलंय, आणि तरी ते बोलतंच आहे.

“बूच काढू का?” मी जिन्यावरून ओरडले. “हात लावायचा नाही!” आई माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. “त्याला आता कुणी हात लावायचा नाही. चल बाहेर.” वर येऊन तिनं गॅस विझवला, निनादला उचललं, आम्ही बूट घातले की नाही तेही आठवत नाही. दोन घरांमधल्या त्या गुडघाभर बर्फातून आम्ही हेलनच्या दाराशी गेलो. हेलननं दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता बाजूला झाली. आईनं आम्हाला तिच्या घराच्या पार पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं, आमच्या घराकडे तोंड असलेल्या खिडकीपासून लांब. मग ती स्वतः त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागून गेले. आमच्या घराचं छप्पर, धुराडं, स्वयंपाकघराची खिडकी, सगळं होतं तसंच होतं, बर्फ पडत होता. आम्ही दोघी त्या घराकडे बघत उभ्या होतो आणि ते कधीही तिथून नाहीसं होईल असं मला वाटत होतं. हेलननं सूप गरम केलं, निनादला चीजचं सँडविच भाजून दिलं. तो कार्टून बघत हसत होता. त्याच्या हसण्याच्या प्रत्येक आवाजाला आई दचकत होती.

हेलनच्या ओळखीचा हीटिंगवाला रस्ता मोकळा होताच, दुपारी आला. रे नावाचा धिप्पाड माणूस. तोवर बॉयलर थंड झाला होता. तो बराच वेळ खाली होता. आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात अंगावर कोट ठेवून उभ्या होतो. करपलेल्या खिचडीचा वास येत होता. तो वर आला तेव्हा त्याच्या तळहातावर ते बूच होतं. त्यानं आईला सावकाश समजावलं, मी मराठीत सांगत गेले. पाणी तापलं की फुगतं. त्याला फुगायला जागा देणारी टाकी निकामी झाली होती. म्हणून जादाचं पाणी त्या पाइपातून बाहेर पडत होतं. ती वाट मुद्दाम ठेवलेली असते, तिलाच सेफ्टी म्हणतात. थेंब पडत होते म्हणजे ते मशीन तुमची काळजी घेत होतं. ही वाट बंद करून वरून आग चालू ठेवली, तर... त्यानं निनादकडे पाहिलं आणि टोपी सारखी केली. “कुणी बसवलं हे?” त्यानं विचारलं.

मी आईकडे पाहिलं. आई इंग्रजी बोलताना नेहमी अडखळायची, शब्द शोधायची. त्या वेळी ती एकदाही अडखळली नाही. “ओल्ड ओनर,” ती म्हणाली. “बिफोर वी केम.” रेनं त्या चकचकीत नव्या बुचाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मान हलवून ते बूच टेबलावर ठेवलं.

बाबांचा फोन संध्याकाळी लागला. ते दिवसभर मीटिंगमध्ये होते, मग लाइन मिळत नव्हती. आई म्हणाली, “मशीन बंद पडलं होतं. माणूस येऊन गेला, उद्या नवा भाग टाकून देणार आहे. आम्ही हेलनकडे झोपतोय.” पलीकडून बाबांनी काहीतरी विचारलं. “मला काय कळतंय त्यातलं,” आई म्हणाली. “अनघा? ती जेवतेय. सगळे ठीक आहोत. तुम्ही आज निघू नका, हायवे बंद आहेत. उद्या उजेड झाल्यावर निघा. सावकाश या.” फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ रिसिव्हरवर हात ठेवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. रेनं टाकी बदलून दिली होती, घर पुन्हा तापायला लागलं होतं, आई पिठलं करत होती. बाबा बूटही न काढता सरळ खाली गेले. खालून काहीच आवाज येईना. मी दाराशी जाऊन डोकावले. ते सर्वांत खालच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. वर आले तेव्हा टेबलावरचं ते बूच त्यांना दिसलं. निनाद म्हणाला, “बाबा, द ओल्ड ओनर पुट दॅट. ही वॉज सो डम्ब.”

बाबा उभेच होते. कोटावरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं. “वासंती,” ते म्हणाले, “ते मी लावलं होतं.” आई पिठलं ढवळत होती. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मग काल फोनवर का नाही बोललीस?” “तुम्ही ते ऐकून तसेच निघाला असतात, बर्फात. मला तुम्ही नीट घरी यायला हवे होतात.” मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. “मला वाटलं तुला बरं वाटेल,” ते म्हणाले. “तुला त्या आवाजाची भीती वाटत होती. मला तेवढीच एक गोष्ट करता येत होती.”

आईनं गॅस बंद केला. पदर नव्हता, तरी पदराला पुसावेत तसे तिनं गाऊनला हात पुसले. मला वाटलं ती त्यांची समजूत घालेल. तिनं तसं केलं नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मी तोवर कधीही न ऐकलेल्या आवाजात बोलली, हळू पण एकेक शब्द ठेवत. “मी आवाज बंद करा म्हटलं, ते माझं चुकलं असेल. पण यापुढे माझी भीती जावी म्हणून काही करायचं नाही. जे आहे ते मला सांगायचं. गळत असेल तर गळतंय म्हणायचं, कळत नसेल तर कळत नाही म्हणायचं. घाबरायचं काय ते माझं मी बघून घेईन.”

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले आणि आम्ही चौघं टेबलाशी बसलो. पिठलं जरा घट्ट झालं होतं. आईनं सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसली.